विवाहातील वचन

महाराष्ट्रातील लग्नसमारंभात एक विसंगती नेहमी पाहावयास मिळते. मंगलाष्टके संपतात, ‘सावधान’ हा शब्द उमटतो, आंतरपाट दूर होतो, अक्षता उधळल्या जातात, वाजंत्री वाजू लागतात, आणि ‘लग्न लागले’ असे म्हणून वऱ्हाडी मंडळी पंगतीकडे वळतात. त्यानंतर केव्हातरी, मांडव अर्धाअधिक रिकामा झालेला असताना, धुराने डोळे चुरचुरणारे वधूवर होमाजवळ येतात आणि भटजींच्या सांगण्यावरून तांदळाच्या सात राशींवर एकेक पाऊल टाकतात. ते पाहावयास बहुधा आईबाप, करवली आणि छायाचित्रकार एवढेच उरलेले असतात. शास्त्राच्या दृष्टीने मात्र विवाह पुरा होतो तो अक्षतांच्या वेळी नव्हे, तर येथे, सातव्या पावलावर. कायदाही तेच म्हणतो. 1955 सालच्या हिंदू विवाह अधिनियमाच्या सातव्या कलमाप्रमाणे, ज्यांच्या विवाहविधीत सप्तपदी येते त्यांचा विवाह सातवे पाऊल पडताच पूर्ण आणि बंधनकारक होतो.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नाही. 1965 साली महाराष्ट्रातील एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पहिली पत्नी हयात असताना एका गृहस्थाने दुसरा विवाह केला होता आणि त्याबद्दल खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरविले होते. त्या दुसऱ्या विवाहात वधूवरांनी एकमेकांस हार घातले होते, कपाळाला कपाळ लावले होते. परंतु होम झाला नव्हता आणि सप्तपदीही झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हे विधी वगळण्याची रूढी सिद्ध झालेली नाही. तेव्हा दुसरा विवाह कायद्याच्या अर्थाने विवाहच नव्हे, आणि विवाह नाही तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. गृहस्थ सुटले. पहिलीला दाद मिळाली नाही आणि दुसरीला पत्नीपद मिळाले नाही. सात पावलांचे मोल त्या दोघींनी दिले. 2024 साली त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की, विधी न करता नुसते नोंदणीचे प्रमाणपत्र मिळविल्याने हिंदू विवाह होत नाही.

विवाह नेमका कोणत्या क्षणी होतो, कोणत्या शब्दाने होतो, आणि तो शब्द कोणी उच्चारावयाचा, हा प्रश्न जगातील जवळजवळ प्रत्येक धर्मशास्त्राला पडलेला आहे. त्याची उत्तरे निरनिराळी आली. त्या उत्तरांतून स्त्रीच्या वाट्याला आलेला आवाज ऐकू येतो, किंवा येत नाही.

भारतापुरते पाहावयाचे तर आरंभ ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सूर्यासूक्तापासून करावा लागतो. सवित्याची कन्या सूर्या आणि सोम यांच्या विवाहाचे हे सूक्त आजही विवाहातील अनेक मंत्रांचे उगमस्थान आहे. सवित्याने कन्या दिली तेव्हा ती मनाने पतीला अनुकूल होती, असा उल्लेख त्यात मुद्दाम केलेला आहे. दान करणारा पिता आहे, पण कन्येच्या मनाची नोंद घेतल्यावाचून कवीला पुढे जाववले नाही. पाणिग्रहणाचा मंत्र याच सूक्तातला. त्यात वर प्रथमपुरुषी वर्तमानकाळात बोलतो: आपण तिचा हात सौभाग्यासाठी धरीत आहोत, तिने आपल्यासह वार्धक्याला पोहोचावे.

पुढे गृह्यसूत्रांनी विधी बांधून दिला. आश्वलायनाची सप्तपदी सुपरिचित आहे. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनाच्या वाढीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी आणि सातवे सख्यासाठी. अन्नापासून आरंभ करून सख्यापर्यंत नेणारा हा क्रम पाहिला म्हणजे रचणाऱ्याच्या व्यवहारज्ञानाविषयी आदर वाटतो. रिकाम्या कोठीवर मैत्री टिकत नाही, हे त्याला ठाऊक होते. मात्र या मंत्रांचे व्याकरण पाहावे. त्यांतील क्रियापद आज्ञार्थी आहे, कर्ता द्वितीयपुरुषी आहे, आणि तो स्त्रीलिंगी आहे. बोलतो वर, चालते वधू. तिने सखी व्हावे असे तिला सांगितले जाते. ‘मी होते’ असे तिच्या तोंडी कोठेच नाही. लाजाहोमातील प्रसिद्ध मंत्रात पतीच्या दीर्घायुष्याची तिची प्रार्थना आहे; परंतु तिथेही ही नारी अशी अशी प्रार्थना करते, असे तृतीयपुरुषी निवेदन आहे.

आश्वलायनाने आणखी एक बारीक गोष्ट नोंदली आहे. विवाहाच्या दिवशी रात्री ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी यांचे दर्शन झाल्यावर वधूने आपले मौन सोडावे. त्या वेळी तिने म्हणावयाचे ते एवढेच, की आपला पती जिवंत राहो आणि आपल्याला संतती लाभो. आंतरपाट, होम, पाणिग्रहण, सप्तपदी हे सारे आटोपल्यावर, आकाशातील तारा साक्षीला ठेवून, या विधीत तिचा स्वतःचा स्वर प्रथम ऐकू येतो. तोवर विवाह झालेला असतो.

महाराष्ट्रात सर्वाधिक परिचित असलेले वचन म्हणजे ‘नातिचरामि’. धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत हिचे उल्लंघन करू नये, असे कन्यादान करणारा वराला बजावतो आणि वर उत्तर देतो की, मी तसे करणार नाही. कथा-कादंबऱ्यांतून हा शब्द पतीने पत्नीला दिलेले वचन म्हणून येतो. वास्तविक ते जावयाने सासऱ्याला दिलेले वचन आहे. वधू त्या वेळी शेजारी असते एवढेच. शिवाय चार पुरुषार्थांपैकी मोक्षाचा त्यात उल्लेख नाही. त्या वाटेवर नवऱ्याने बायकोला विचारलेच पाहिजे असे बंधन शास्त्रकारांनी ठेवले नाही, आणि या मोकळिकीचा फायदा घेणारे पुरुष आपल्या संतचरित्रांत थोडे नाहीत. ‘सावधान’ शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेलेल्या समर्थ रामदासांची आख्यायिका तर सर्वश्रुत आहे.

उत्तर भारतात पुढच्या काळातील पद्धतिग्रंथांनी ही उणीव थोडी भरून काढलेली दिसते. पतीच्या डाव्या बाजूस बसण्यापूर्वी वधू सात अटी घालते, अशी संस्कृत वचने तेथे रूढ आहेत. तीर्थयात्रेत आणि व्रतात आपल्याला बरोबर घ्यावे, आपल्या आईबापांस स्वतःच्या आईबापांसारखे मानावे, खर्च करताना विचारावे, मैत्रिणींसमोर अपमान करू नये, जुगारादी व्यसनांपासून दूर राहावे, अशा त्या अटी आहेत. गृह्यसूत्रांत त्या नाहीत. ज्याने कोणी त्या रचल्या त्याने संसार जवळून पाहिला होता. परंतु त्या वधूच्या वतीने बहुधा पुरोहितच म्हणतो, आणि म्हणतो तेही तिला न कळणाऱ्या भाषेत.

विवाह सातव्या पावलावर सिद्ध होतो, हा नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. तो विधिग्रंथातला नव्हे, व्यवहारातला, म्हणजे न्यायदानातला आहे. अमुक घडीपर्यंत कन्या परत घेता येईल, त्यापुढे नाही, असे कोठेतरी ठरविणे न्यायाधीशाला भाग होते. स्वतंत्र भारताच्या संसदेने 1955 साली कायदा केला तेव्हा ही जुनी सीमारेषा तशीच उचलली.

आता याच प्रश्नाला युरोपने दिलेले उत्तर पाहावे. रोमन कायद्याचे मत असे होते की, विवाह संमतीने होतो. विधी नसले तरी चालतात. हे तत्त्व ख्रिस्ती धर्मपीठाने उचलले आणि बाराव्या शतकात, विशेषतः पोप तिसरा अलेक्झांडर याच्या निर्णयांतून, त्याला निश्चित आकार आला. दोघांनी वर्तमानकाळात, ‘स्वीकारतो’ आणि ‘स्वीकारते’ अशा अर्थाचे शब्द उच्चारले की विवाह तत्क्षणी झाला. भविष्यकाळात, ‘स्वीकारीन’ असे म्हटले तर तो केवळ वाङ्निश्चय. मात्र अशा वाङ्निश्चयानंतर शरीरसंबंध घडला तर त्याचाही विवाह होई. धर्मगुरू नको, चर्च नको, साक्षीदारही नकोत. क्रियापदाच्या काळावर माणसांचे सारे आयुष्य अवलंबून राहिले.

या नियमाची एक बाजू उदात्त आहे. त्याने राजाच्या, जमीनदाराच्या आणि बापाच्या हातून विवाह काढून घेतला आणि दोन माणसांच्या जिभेवर ठेवला. स्त्रीचा शब्द पुरुषाच्या शब्दाइतकाच आवश्यक ठरला. परंतु दुसरी बाजू धर्मन्यायालयांच्या दप्तरांत सापडते. स्वयंपाकघरात, खानावळीत, कुंपणाआड दिलेल्या शब्दांचे पुढे काय व्हावयाचे? तो म्हणे की आपण काही बोललोच नाही. ती म्हणे की बोलला. साक्षीदार नसल्याने तिचे म्हणणे पडे. पुरुषाला शब्दातून सुटणे सोपे असे, कारण पोट वाढत असे तिचे. अखेर 1563 साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ठरविले की, स्थानिक धर्मगुरू आणि निदान दोन साक्षीदार यांच्यासमोर दिलेलाच शब्द विवाह ठरेल. प्रॉटेस्टंट इंग्लंडने हा निर्णय मानला नाही. तेथे गुप्त विवाहांना आळा घालणारा कायदा 1753 साली झाला. ज्यू आणि क्वेकर यांना त्यातून वगळले होते. क्वेकरांच्या सभेत पुरोहित नसतोच. वधूवर उभे राहून एकमेकांना सारखेच वचन देतात आणि जमलेले सर्व लोक कागदावर सह्या करतात. स्कॉटलंडला 1753 चा कायदा लागू नव्हता, म्हणून सरहद्दीवरील ग्रेटना ग्रीन गावी लोहाराच्या ऐरणीपुढे शब्द देण्यासाठी इंग्लंडमधील जोडपी पळून जात. ही सवलत 1940 मध्ये संपली.

इंग्लंडच्या जुन्या विवाहविधीत एक गोष्ट मोठी लक्षणीय आहे. सॉल्झबरीच्या धर्मपीठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्ययुगीन विधीची सारी भाषा लॅटिन होती. केवळ वधूवरांची वचने इंग्रजीत होती. ईश्वराशी धर्मगुरू लॅटिनमध्ये बोलो. परंतु जो शब्द बांधणार तो बांधला जाणाऱ्याला कळलाच पाहिजे, असा हा विचार. ही वचने चर्चच्या आत नव्हे, दाराशी दिली जात, आणि मग प्रार्थनेसाठी आत जावयाचे. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील बाथ गावची बाई चर्चच्या दाराशी पाच नवरे केल्याचे अभिमानाने सांगते, त्याचा संदर्भ हा आहे. 1549 साली क्रॅनमरने इंग्रजी प्रार्थनापुस्तक सिद्ध केले तेव्हा बाकीचा विधी इंग्रजीत आला. वचने आधीच तिथे होती. सुखात आणि दुःखात, संपत्तीत आणि दारिद्र्यात, आजारात आणि आरोग्यात, मृत्यूने ताटातूट होईपर्यंत, हा त्यांचा आशय आता जगभर ठाऊक झाला आहे.

दोघे बोलत होते. पण सारखे बोलत नव्हते. प्रेम करणे आणि जपणे दोघांकडे होते. आज्ञापालन फक्त तिच्याकडे. या एका शब्दावर पुढे बरेच रण माजले. 1851 साली जॉन स्टुअर्ट मिल याने हॅरिएट टेलरशी विवाह करण्यापूर्वी एक लेख स्वतःच्या हाताने लिहून ठेवला. पत्नीचे शरीर, मालमत्ता आणि वर्तन यांवर कायदा पतीला जे अधिकार देतो ते टाकून देण्याचा मार्ग कायद्याने ठेवलेला नाही. तरी आपण त्यांचा निषेध करतो आणि ते कधीही वापरणार नाही असे वचन देतो, असा त्याचा आशय. 1928 च्या सुधारित इंग्रजी प्रार्थनापुस्तकात आज्ञापालनाचा शब्द नव्हता. ते पुस्तक ब्रिटिश संसदेने नामंजूर केले, तरी त्यातील विवाहविधी चर्चांतून वापरात आला.

पोप अलेक्झांडर वर्तमानकाळाचा आग्रह धरीत होता, त्याच शतकात मध्य आशियातील मर्घिनानी या हनफी धर्मशास्त्रज्ञाने ‘हिदाया’ हा ग्रंथ रचला. निकाह हा करार आहे. एका बाजूचा इजाब, म्हणजे प्रस्ताव, आणि दुसऱ्या बाजूचा कबूल, म्हणजे स्वीकार, यांनी तो होतो. हे दोन्ही शब्द कोणत्या काळात असावेत? ‘हिदाया’चे उत्तर आहे: भूतकाळात. ‘दिली’ आणि ‘कबूल केली’. झालेल्या गोष्टीत संशय उरत नाही. एकाच शतकातील दोन शास्त्रे एकमेकांची चाहूल नसताना क्रियापदाच्या काळावर घोळत बसली होती. हनफी मताने दोन साक्षीदार हवेत. म्हणजे ख्रिस्ती धर्मपीठाला जे 1563 साली सुचले ते येथे आरंभापासून होते. वधूची संमती घेण्यास वकील आणि साक्षीदार तिच्याकडे जातात. कुमारिकेचे मौन ही संमती मानावी, परंतु पूर्वी विवाह झालेल्या स्त्रीने मात्र तोंडाने बोलले पाहिजे, असे शास्त्रकारांनी ठरविले. लाजणाऱ्या मुलीसाठी केलेली ही सवलत आहे, आणि गप्प बसविलेल्या मुलीला तिचाच फास होतो.

करार म्हटला की अटी आल्या. सतराव्या शतकातील सुरतेचे काही निकाहनामे आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि त्यांचा अभ्यास इतिहासकार शिरीन मूसवी यांनी केला आहे. त्या काळी सुरत हे मोगल साम्राज्याचे मोठे बंदर होते. मराठी माणसाला ते शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे माहीत आहे. त्या बंदरातील सामान्य घरांतल्या या कागदांवर चार अटी पुन्हा पुन्हा येतात. ही पत्नी असताना नवरा दुसरा विवाह करणार नाही. तिला मारहाण करणार नाही. तिच्या पोटापाण्याची सोय केल्यावाचून ठरल्या मुदतीपेक्षा जास्त काळ दूर राहणार नाही. आणि दासी ठेवणार नाही. बंदरात राहणाऱ्या बायकांना कशाचे भय होते ते या चार ओळींत स्पष्ट झाले आहे. तिसरी अट तर समुद्राने लिहिली असे म्हणावे. जहाज गेले की नवरा केव्हा येईल, येईल की नाही, याचा नेम नसे. यांतील एकाही अटीत काव्य नाही. वचनभंग झाला तर काझीपुढे दाखविता येईल असा तो कागद होता, आणि ‘नातिचरामि’पेक्षा त्याचा आधार बाईला अधिक होता.

कागदाची ही परंपरा इस्लामहून जुनी. नाईल नदीतील एलिफंटाइन बेटावर इ. स. पूर्व पाचव्या शतकात ज्यू सैनिकांची वसाहत होती. तेथील आरामी भाषेतील विवाहपत्रांत पतीप्रमाणे पत्नीलाही सभेत उभे राहून विवाह मोडता येईल, अशी सोय दिसते. पुढच्या ज्यू परंपरेत हा समान अधिकार टिकला नाही. आज विवाहसमयी मुद्रिका देताना वर बोलतो, वधू ती मुकाट्याने स्वीकारते. पण ‘केतुबा’ हा लेख राहिला, आणि नवऱ्याने सोडले किंवा तो वारला तर पत्नीला किती द्यावयाचे ते त्यात लिहिलेले असते. घरात मराठी बोलणाऱ्या कोकणातील बेने इस्राएलांच्या लग्नातही केतुबा वाचला जातो.

पारशांचा ‘आशीर्वाद’ यांहून वेगळा. त्यात दोन्ही पक्षांच्या साक्षीदारांना आणि वधूवरांना, पसंत आहे काय, असे पुन्हा पुन्हा विचारले जाते, आणि निशापुरी नाण्याच्या दोन हजार रुपेरी दिरमांचा आणि दोन सोन्याच्या दिनारांचा उच्चार होतो. ते नाणे कोणी पाहिलेले नाही. तरी इराण सुटून हजारांहून अधिक वर्षे झाल्यावरही मुंबईच्या आणि नवसारीच्या बागेत तो आकडा म्हटला जातो. पाझंद भाषेबरोबर हा आशीर्वाद संस्कृतातही म्हणण्याची रूढी पारशांत होती. आश्रयाला आलेल्या समाजाने यजमानांच्या देवभाषेतही आपला विवाह साक्षीला लावून ठेवला!

असेही समाज आहेत की जेथे वधूवर काहीच बोलत नाहीत. शीखांच्या आनंद कारजात गुरू रामदासांच्या चार लावां गायिल्या जातात आणि प्रत्येकीबरोबर वधूवर ग्रंथसाहिबाला एक प्रदक्षिणा घालतात. मस्तक नमविणे हीच संमती. या विवाहाला 1909 च्या कायद्याने मान्यता दिली. चीनमध्ये आकाश-पृथ्वीला, वडीलधाऱ्यांना आणि एकमेकांना असे तीन नमस्कार पुरत. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेत वधूवरांच्या मस्तकी मुकुट ठेवतात. केरळातील सीरियन ख्रिस्ती वर वधूच्या गळ्यात ‘मिन्नु’ बांधतो, आणि त्याचा दोरा तिला दिलेल्या वस्त्राच्या सात धाग्यांचा असतो. मौन हे सर्वत्र दडपणाचेच चिन्ह मानणे बरोबर होणार नाही. येथे वरही तितकाच मुका आहे. दोघांपैकी एकच बोलतो तेथे मौनाचा अर्थ बदलतो.

भारतात हा सारा प्रश्न एकोणिसाव्या शतकात नव्याने उभा राहिला. ब्राह्मो समाजाने मूर्ती आणि होम वर्ज्य केले. मग त्यांचा विवाह कायदेशीर कसा ठरावा? केशवचंद्र सेन यांच्या खटपटीतून 1872 चा तिसरा कायदा झाला. त्यात नोंदणी अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे शब्द उच्चारावयाचे होते. क्रॅनमरच्या पुस्तकातील सूत्र आज्ञापालन गळून भारताच्या कायद्यात आले. पण त्यासाठी जबर किंमत होती: आपण हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, पारशी इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही, असे आधी लिहून द्यावे लागे. पंडिता रमाबाईंनी 1880 साली बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी याच कायद्याने विवाह केला. ज्या विदुषीला संस्कृत विवाहमंत्रांतील प्रत्येक पदाची विभक्ती ठाऊक होती, तिने ते मंत्र बाजूला ठेवून अधिकाऱ्यासमोर साधे शब्द उच्चारले.

त्याच सुमारास पुण्यात जोतीराव फुले दुसऱ्या वाटेने निघाले होते. सत्यशोधक समाजाची स्थापना 1873 च्या सप्टेंबरात झाली आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्या पद्धतीचा पहिला विवाह लागला. पुरोहित नाही, होम नाही, संस्कृत नाही. 1887 साली प्रसिद्ध झालेल्या सत्यशोधक पूजाविधीच्या पुस्तकात जोतीरावांनी मराठी मंगलाष्टके दिली. ती भटजींनी म्हणावयाची नाहीत. वधूवरांनी एकमेकांस उद्देशून म्हणावयाची आहेत. वधू वराला सांगते की, स्वातंत्र्याचा अनुभव आम्हा स्त्रियांना नाही. स्त्रियांना त्यांचा हक्क देईन, अशी शपथ तू घे. वर तशी शपथ घेतो. आश्वलायनाच्या वधूने तारे दिसेपर्यंत मौन पाळले होते; जोतीरावांची वधू मांडवात, दिवसाउजेडी, सर्वांसमक्ष अट घालते, आणि ती स्वतःपुरती नव्हे, साऱ्या स्त्रीजातीच्या वतीने. सुरतेच्या निकाहनाम्यांत अटी होत्या, पण त्या कागदावर होत्या. येथे त्या तिच्या तोंडी आल्या, आणि त्याही तिच्या भाषेत. पुरोहिताला दक्षिणा देण्याची गरज न उरल्याने जोश्यांनी न्यायालयात धाव घेतली, हे ओघाने आलेच.

1954 च्या विशेष विवाह अधिनियमाने धर्म नाकारण्याची अट काढून टाकली. नोंदणी अधिकारी आणि तीन साक्षीदार यांना ऐकू येईल अशा रीतीने, उभयतांना समजेल अशा कोणत्याही भाषेत स्वीकाराचे शब्द म्हटले म्हणजे विवाह होतो. ‘समजेल अशा भाषेत’ हे शब्द कायद्यात लिहिले गेले. दिल्लीत, कलकत्त्यात किंवा मद्रासेत राहणाऱ्या मराठी जोडप्याने ते मराठीत म्हटले तरी ते तितकेच बांधतात. हिंदू विवाहाच्या कायद्यात मात्र दुसऱ्याच वर्षी सप्तपदी आली आणि भाषेचा प्रश्न मंत्रांवर सोपविला गेला.

त्याचा चटका सर्वांत अधिक तमिळ प्रदेशाला बसला. पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी 1925 पासून चालविलेल्या स्वाभिमान चळवळीत हजारो जोडप्यांनी पुरोहितावाचून विवाह केले होते. सभेत उभे राहावयाचे, आपण एकमेकांचे जीवनसाथी झालो असे तमिळमध्ये सांगावयाचे, हार घालावयाचे; बस्स. 1953 साली मद्रास उच्च न्यायालयाने असा एक विवाह अवैध ठरविला. होम नाही, सप्तपदी नाही, आणि रूढी म्हणावी इतका जुनेपणाही नाही. ज्या स्त्रिया वीस-पंचवीस वर्षे संसार करीत होत्या, त्यांचे पत्नीपद आणि त्यांच्या मुलांचा वारसा हे दोन्ही एका निकालाने संशयात पडले.

1967 साली सी. एन. अण्णादुरै यांचे सरकार आले आणि त्याने हिंदू विवाह अधिनियमात त्या राज्यापुरते सातव्या कलमाला जोडून एक नवे कलम घातले. नातेवाईक, मित्र किंवा अन्य कोणी यांच्या उपस्थितीत, उभयतांना समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार जाहीर करणे, किंवा हार वा अंगठी घालणे, किंवा ताळी बांधणे, यांपैकी एक पुरे. पुरोहित आवश्यक नाही. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ आणखी सैल केला आणि मोठ्या जाहीर समारंभाची गरज नसल्याचे सांगितले. पण 1967 च्या दुरुस्तीतील खरी महत्त्वाची ओळ पुढच्यासाठी नव्हे, मागच्यासाठी होती. तोपर्यंत या पद्धतीने झालेले सर्व विवाह ते झाले त्या दिवसापासून वैध मानावेत आणि त्यांतील संतती औरस मानावी, असे तीत म्हटले होते. अनेक वर्षांपूर्वी कोणा गावच्या सभेत एका मुलीने उच्चारलेला शब्द कायद्याने असा उशिरा, पण मूळ तारखेपासून, ऐकून घेतला.